पावणेचार म्हणजे नेमके किती वाजले?

आजीने सांगितलं, "पावणेचारला ये." नातू आला चार पंचेचाळीसला. बेळगाव-खानापूरकडच्या घरांत असा घोळ होतो, आणि त्यात पोराची फारशी चूक नसते. कन्नडमध्ये हीच वेळ 'मूरू मुक्कालू', म्हणजे तीन आणि पाऊण. शाळेत 'थ्री फोर्टीफाइव्ह'. दोन्हीकडे कानावर 'तीन' पडतात. मराठी मात्र पुढच्या चारातून पाव वजा करते. इंदूरच्या मुलाला गल्लीतल्या हिंदीतही 'पौने चार'च ऐकू येतं, त्यामुळे त्याचं अडत नाही.

म्हणून घड्याळाआधी भाकरी घ्या. गोल भाकरीचे चार सारखे तुकडे करा. एक तुकडा पाव, दोन अर्धी, तीन पाऊण. मग चार भाकऱ्या मांडून एकीचा पाव तुकडा उचला. उरल्या त्या पावणेचार! आता घड्याळ दाखवा: मोठा काटा नऊवर, लहान काटा चारच्या जरा अलीकडे. तोच तुकडा अजून बाकी आहे.

दीड आणि अडीच तेवढे पाठ करून घ्या. 'साडेएक', 'साडेदोन' कुणी म्हणत नाही.

पैशांतही हेच शब्द: सव्वाशे 125, पावणेदोनशे 175. चार आण्याचं नाणं 2011 मध्ये चलनातून गेलं, त्यामुळे रुपयाचा पाव हातावर ठेवता येत नाही. त्याऐवजी शंभराचा पाव करा. विसाची नोट आणि पाचाचं नाणं, अशा चार जोड्या मांडा. एक झाका आणि विचारा, किती दिसतात? पाऊणशे.