गरम चहाचा गार घोट

"आजोबा, चहा वाफाळतोय, मग तोंड गार कसं पडलं?"

पडलं कुठे? जिभेचं तापमान मोजून बघ, तापलेलीच निघेल! तुला फसवलंय ते पेपरमिंटच्या पानातल्या मेंथॉलनं. जिभेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीएम८ नावाचं एक प्रथिन असतं. तापमान साधारण २६ अंशांखाली उतरलं की ते मेंदूला वर्दी देतं. मेंथॉल त्याला भिडलं की थंडी नसतानाही तीच वर्दी जाते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांनी आपापल्या प्रयोगशाळांत २००२ मध्ये हे हुडकलं. अशाच कामांसाठी २०२१ चं नोबेल दोघांनी वाटून घेतलं.

आणि हा चटणीचा पुदिना नव्हे हं. पेपरमिंट संकरातून जन्मलेलं. एक पालक पाणथळीतला पुदिना, त्याची गुणसूत्रं ९६. दुसरा स्पिअरमिंट, त्याची ४८. दोघांचा निम्मा निम्मा वाटा आला, किती झाली? बहात्तर, शाबास! पण त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचरासारखी याचीही गत. फुलतं छान, बी मात्र जवळजवळ धरतच नाही.

तरी जगभर पसरलं! इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरात सापडलेल्या या झाडाची नोंद जॉन रे यानं १६९६ मध्ये केली. पुढे अठराव्या शतकात सरे परगण्यातल्या मिचमला तेलासाठी त्याचे मळे उभे राहिले. बी नाही, मग लावायचं काय? जमिनीलगत पळणारे धुमारे. तोडा, पुरा, झालं रोप. मिचमचं रोप अमेरिकेला गेलं तेही असंच, मूळ झाडाचाच तुकडा. त्यात एक गोम आहे. मिशिगनच्या मळ्यांत मर रोग शिरला, तेव्हा सगळीच रोपं सारखी हळवी निघाली.

आता चहा. पानाच्या अंगावर तेलाच्या बारीक पिशव्या असतात, आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. म्हणून पानं उकळत ठेवायची नाहीत. वरून कढत पाणी ओत, कपावर बशी झाक, दहा मिनिटं थांब. जेवणावर पोट गच्च झालं की लोक हा घेतात, कारण हे तेल आतड्याच्या स्नायूंची आवळण सैल करतं. आतड्याच्या मुरड्यावर डॉक्टर तेलाच्या कॅप्सूल देतात, चहाचा जोर त्यापुढे सौम्यच. मात्र अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायूही सैलावतो आणि आंबट पाणी वर येतं.

तेव्हा आजीला विचारूसुद्धा नकोस. तिला पित्ताचा त्रास, तिच्यासाठी साधं कोमट पाणी ने.