दूध-तूप सोडलं, मग ताटात काय वाढायचं? शिकायला बाहेर असलेल्या पोरांसाठी व्हेगन जेवणाचा हिशोब

बारावी झाली की आपल्या तालुक्यातली पोरं-पोरी शिकायला बाहेर पडतात. कोणी लातूरला, कोणी संभाजीनगरला, कोणी थेट पुण्याला. कॉट बेसिसची खोली, मेसचा डबा, क्लास आणि अभ्यासिका यातच त्यांचा दिवस जातो. अशात एखाद्या दिवशी घरी फोन येतो, "आई, मी दूध-दही बंद केलंय. व्हेगन झालोय." आईला काळजी लागते की पोरगं आता आजारी पडणार. वडील म्हणतात, "आम्ही डेअरीला दूध घालून तुझी फी भरतो, अन् तू दूधच सोडतोस?"

भांडणाआधी हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. व्हेगन जेवण हिशोबानं केलं तर चालतं. नुसतं दूध सोडलं आणि त्याच्या जागी काहीच खाल्लं नाही, तर ऐन परीक्षेच्या वर्षात ते अंगावर येतं.

व्हेगन म्हणजे नेमकं काय?

शाकाहारी माणूस मटण, मासे, अंडी खात नाही. व्हेगन माणूस त्याच्याही पुढं जातो. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा आणि मधसुद्धा तो खात नाही. जनावरापासून किंवा माशीपासून आलेलं काहीच नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला. आता मोबाईलमुळं तो आपल्या गावापर्यंत आलाय.

कारणं वेगवेगळी असतात. कोणाला जनावरांची दया येते, कोणी पर्यावरणाचं सांगतं. काहींना दूधच पचत नाही, प्यायलं की पोट फुगतं. दुधातली साखर पचवण्याची ताकद बऱ्याच जणांची वयाबरोबर कमी होते, हे खरं आहे.

आपलं ताट निम्म्याहून जास्त व्हेगनच आहे

व्हेगन म्हटलं की पोरांच्या डोळ्यापुढं बदामाच्या दुधाची महागडी पाकिटं आणि परदेशी फळं येतात. त्याची काही गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, भरीत, वरण-भात, थालीपीठ, शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी, तीळगूळ, घुगऱ्या हे सगळं तूप-लोणी न घालता केलं तर व्हेगनच आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी त्याला कधी वेगळं नाव दिलं नाही, एवढंच.

उलट बाजारात मिळणाऱ्या बदामाच्या दुधात गाई-म्हशीच्या दुधापेक्षा प्रोटीन फार कमी असतं. पातळ पाणी महागात घेण्यापेक्षा तेवढ्या पैशात शेंगदाणे आणि डाळ घेतलेली बरी.

हिरवा ठिपका बघून फसू नका

पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचा आहे. त्यात दूध पावडर, तूप, मध असू शकतो. बऱ्याच बिस्किटांत आणि चॉकलेटमध्ये दुधाचे पदार्थ असतातच. एफएसएसएआय या सरकारी संस्थेनं २०२२ साली व्हेगन पदार्थांसाठी वेगळे नियम काढले. त्याचं हिरवं चिन्ह वेगळं आहे, त्यात इंग्रजी 'व्ही' हे अक्षर असतं. ते नसेल तर पाकिटामागची बारीक यादी वाचायची.

मेसमध्येही विचारून घ्या. चपातीला तूप लावता का, भाजीत मलई घालता का, भातावर काय सोडता? मेसवाल्या काकू-मावशींना आधीच सांगितलं तर बहुतेक जणी दोन चपात्या कोरड्या ठेवतात.

प्रोटीनचा हिशोब

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणं ५५ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम प्रोटीन लागतं. पेलाभर दुधातून साधारण सहा-सात ग्रॅम मिळतं. दूध गेलं की तेवढं दुसरीकडून आणायचं.

आता आपलं ताट मोजू. ज्वारीच्या दोन भाकरी, म्हणजे शंभर ग्रॅम पीठ धरलं तर १० ग्रॅम. वाटीभर मटकीची उसळ सुमारे ९. वाटीभर वरण ६. मूठभर शेंगदाणे ७. मूठभर फुटाणे ६. सोयाबीनच्या कोरड्या वड्या २५ ग्रॅम घेतल्या तर १२-१३. बेरीज पन्नासच्या पुढं गेली! मुलांनी एखादी भाकरी वाढवली की त्यांचंही भागतं. डाळ आणि धान्य दोन्ही पोटात गेलं पाहिजे, कारण एकात जे कमी असतं ते दुसरं भरून काढतं.

एक लक्षात ठेवा. आपल्या शेतातलं सोयाबीन कच्चं खायचं नाही. भिजवून, चांगलं शिजवूनच खायचं. सोयाबीनचं दूध घरी करायचं असेल तर वाटून गाळल्यावर ते नीट उकळायला हवं.

कॅल्शियम आणि लोह

कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. म्हणजे नाचणीची एक बऱ्यापैकी भाकरी खाल्ली की जवळपास पेलाभर दुधाएवढं कॅल्शियम ताटात येतं. तीळ, शेवग्याचा पाला, मेथी यातूनही मिळतं. पालकात कॅल्शियम असलं तरी ते अंगी फारसं लागत नाही. हे पदार्थ रोज होत नसतील तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

लोहाचा प्रश्न मुलींसाठी जास्त महत्त्वाचा आहे. बाजरी, डाळी, हिरव्या पालेभाज्या, अळीव यात लोह असतं, पण ते अंगी लागायला सोबत आंबट काहीतरी हवं. उसळीवर लिंबू पिळा, पेरू किंवा आवळा खा. जेवणासोबत चहा घेऊ नका, तासभर अंतर ठेवा. चहामुळं लोह कमी शोषलं जातं.

बी-१२ मध्ये तडजोड नाही

हा मुद्दा नीट वाचा, कारण पोरं इथंच फसतात. बी-१२ हे जीवनसत्त्व धान्यात, भाजीत, फळात भरवशानं मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते थोडंफार दूध-दह्यातून मिळत असतं. दूध सोडलं की तीही वाट बंद. आंबवलेली इडली किंवा स्पिरुलिनाची पावडर यावर विसंबू नका. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतेक शरीराला न चालणारं रूप असतं.

बी-१२ चा जुना साठा शरीरात असतो, त्यामुळं त्रास लगेच दिसत नाही. पण आधीच शाकाहारी असणाऱ्यांचा साठा मुळात कमी असू शकतो. मग थकवा, हातापायाला मुंग्या, जीभ सोलल्यासारखी होणं, लक्ष न लागणं अशी लक्षणं येतात. पोराला वाटतं अभ्यासाचा ताण आहे, घरच्यांना वाटतं मोबाईल जास्त बघतो. फार दिवस दुर्लक्ष झालं तर नसांना कायमची इजा होऊ शकते.

उपाय सोपा आहे. पूर्ण व्हेगन राहायचं असेल तर बी-१२ ची गोळी घ्यायचीच. रोजची लहान की आठवड्याची मोठी, ते डॉक्टर सांगतील. गोळीतलं बी-१२ सूक्ष्मजीवांपासून बनवतात, त्यामुळं ते व्हेगनला चालतं. फक्त कॅप्सूलचं वरचं आवरण बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासूनचं असतं. म्हणून साधी गोळी मागा.

वेळ नाही? मग असं जमवा

रविवारी तासभर द्या. मटकी, मूग, हरभरा भिजवून फडक्यात बांधा, दोन-तीन दिवस पुरतात. शेंगदाणे भाजून डबा भरून ठेवा. गावाकडून एसटीनं डबा येत असेल तर आईला लाडू-चिवड्याऐवजी थालीपीठाची भाजणी, मेतकूट, जवसाची चटणी, नाचणीचं पीठ आणि शेंगदाण्याचे गुळातले लाडू पाठवायला सांगा. हे सगळं बरेच दिवस टिकतं.

सकाळी नाचणीचं आंबील किंवा शेंगदाणे घालून पोहे, वर लिंबू. पोहे नसतील तर मोड आलेले मूग वाफवून कांदा-टोमॅटो घालून. दुपारी मेसची भाजी-चपाती-वरण, उसळ असेल तर दोन वाट्या. संध्याकाळी वडापावऐवजी फुटाणे-शेंगदाणे आणि एखादं फळ. रात्री इंडक्शनवर मूगडाळीची खिचडी, त्यातच मूठभर सोयाबीनच्या वड्या. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून पिळल्या की त्या लवकर शिजतात. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं होतं.

दूध सोडून नुसत्या चहा-बिस्किटांवर आणि वेफर्सवर राहिलात, तर ते व्हेगन असलं तरी जेवण नाही.

घरच्यांनी काय करावं?

एकदम सगळं सोडायला लावू नका आणि एकदम अडवूही नका. आधी चहातलं दूध, मग दही, मग तूप असं महिनाभरात करू द्या. सुरुवातीला एकदा हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. हिमोग्लोबिनची तपासणी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, बी-१२ साठी बहुतेक खासगी लॅबमध्ये जावं लागतं. सहा महिन्यांनी परत बघा. वजन उतरायला लागलं, पाळी अनियमित झाली, चक्कर आली तर लगेच डॉक्टरकडे जा. अठराच्या आतली मुलं, गरोदर बाई, टीबीचे आणि किडनीचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करूच नये.

राहिला दुधाच्या धंद्याचा प्रश्न. माझ्याही गोठ्यात गाई आहेत, दुधाचा पैसा घरात काय काम करतो ते मला माहीत आहे. पण आपल्या पोरानं दूध सोडल्यानं डेअरीचा काटा हलत नाही. त्याच शेतातली तूर, मटकी, भुईमूग, तीळ आणि ज्वारी त्याच्या ताटात गेली पाहिजे. म्हणून पुढच्या वेळी फोन आला की "दूध का सोडलंस?" याच्याआधी "आज उसळ खाल्लीस का, अन् बी-१२ ची गोळी घेतलीस का?" हे विचारा.