जुनी होडी दुरुस्त करावी का?

मुलांनो, राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील गाव. येथून समुद्र फार दूर आहे. पण गंगाखेडला गेलात, की गोदावरी नदी भेटते. समजा, तेथील एका मासेमाराला फायबरग्लासची जुनी होडी स्वस्तात मिळत आहे. तिच्या तळाला तडा गेला आहे. विकणारा म्हणतो, "थोडे रेझिन लावा, वरून रंग द्या, झाले काम!" मासेमाराने ती होडी घ्यावी का? तुम्ही त्याला काय सल्ला द्याल?

आधी फायबरग्लास म्हणजे काय, ते पाहू. काचेचे अतिशय बारीक धागे काढून त्यांचे कापड तयार करतात. रेझिन नावाच्या चिकट द्रवात हार्डनर मिसळून ते या कापडात मुरवतात. थोड्या वेळाने ते कठीण होते. असे थर एकावर एक चढवून होडी बनते. १९४० च्या दशकात अमेरिकेत अशा होड्या बनू लागल्या. आज त्या कोकणच्या किनाऱ्यावरही दिसतात. फायबरग्लास कुजत नाही, गंजत नाही. म्हणून अशी होडी कधी खराबच होत नाही, असे काहींना वाटते. हा समज चुकीचा आहे.

जोराचा धक्का बसला, की आतले थर एकमेकांपासून सुटतात. तड्यातून पाणी आत शिरते. पुष्कळ होड्यांत मजबुतीसाठी आत प्लायवूड घातलेले असते. ते ओले राहून कुजते. बाहेरून मात्र होडी चांगली दिसते.

मग आतले नुकसान ओळखायचे कसे? माठ विकत घेताना आपण त्यावर टिचकी मारून पाहतो ना? तसेच येथेही करतात. कोरड्या होडीवर नाण्याने किंवा लहान हातोडीने हळूहळू ठोकत जायचे. आवाज खणखणीत आला, तर बहुधा थर घट्ट आहेत. आवाज बोदा आला, तर तेथे खडूने खूण करायची. सगळ्या खुणा पाहिल्या, की नुकसान किती पसरले आहे याचा अंदाज येतो.

आता स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. तडा फक्त वरच्या रंगाच्या थराला आहे, की आतल्या थरांपर्यंत गेला आहे? नुकसान एकाच जागी आहे, की तळ, आतले आडवे-उभे आधार आणि इंजिन बसवण्याची मागची फळी यांतही पसरले आहे? आणि नीट दुरुस्तीचा खर्च चांगल्या होडीच्या किमतीपेक्षा जास्त तर होत नाही ना?

नीट दुरुस्ती म्हणजे नुसते रेझिन लावणे नव्हे. जुना थर कठीण झालेला असतो. नवे रेझिन त्याच्याशी एकजीव होत नाही, फक्त चिकटते. म्हणून चिकटण्यासाठी रुंद जागा लागते. खराब भाग कापून काढतात, जागा पूर्ण वाळवतात आणि कडा घासून उतरत्या करतात. भिंत ५ मिलिमीटर जाड असेल, तर हा उतार सुमारे ६० मिलिमीटर रुंद, म्हणजे बारापट ठेवतात. मगच नवे थर चढवतात.

अशी दुरुस्ती टिकते. अभिलाष टॉमी हे भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी. 'गोल्डन ग्लोब' शर्यतीसाठी त्यांनी 'बयानात' ही फायबरग्लासची नौका घेतली होती. या शर्यतीत १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्याच नौका चालतात. शर्यतीच्या आधी एका जहाजाशी टक्कर होऊन तिच्या पुढच्या टोकाचे नुकसान झाले. ते दुरुस्त करून ४ सप्टेंबर २०२२ रोजी ते एकटेच निघाले. पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने परतले.

म्हणून मासेमाराला सांगा, "काका, पैसे देण्याआधी जाणकार कारागिराला बोलवा आणि होडी ठोकून पाहा. नुकसान एकाच जागी असेल, तर जरूर दुरुस्त करा. तळ आणि आधार दोन्ही कुजले असतील, तर ती होडी घेऊ नका." उघडा तडा पाहून माणूस सावध होतो. रंगाखाली लपवलेला तडा त्याला भर पाण्यात फसवतो, आणि तेव्हा प्रश्न पैशांचा नसून जिवाचा असतो.