केफिरचे दाणे वाढत नाहीत? आधी दूध बघा
केफिरचे दाणे म्हणजे जिवाणू आणि यीस्टची जिवंत वसाहत. एक चमचा दाण्यांना उकळून पूर्ण गार केलेलं पेलाभर दूध रोज ताजं द्या. २० ते २५ अंशांत साधारण २४ तासांत केफिर होतं. उन्हाळ्यात लवकर आंबतं, म्हणून लवकर गाळा. दाणे क्लोरीनच्या पाण्यात धुऊ नका.

तरी वाढत नसतील तर आठवा, गाईला दगडीसाठी अँटिबायोटिक दिलं होतं का? ते दुधात उतरतं, दाण्यांतले जिवाणू मारतं. दूध उकळलं म्हणजे ते गेलं, असं समजू नका. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत ते दूध दाण्यांना नको, पोरांना नको आणि डेअरीच्या कॅनमध्ये तर नकोच!