श्वास धरू नका, सोडा!

सेमिस्टर संपली की अर्धा कट्टा मालवण-तारकर्लीला निघतो. परत आल्यावर सगळ्यांच्या स्टेटसला तेच निळं पाणी आणि तेच मासे. त्या व्हिडिओत पाण्याखालची पहिली दोन मिनिटं मात्र कधी दिसत नाहीत. मास्कमध्ये नाक बंद, छातीत धडधड, आणि अचानक वाटतं, हवा पुरत नाहीये! सिलिंडर तर भरलेला असतो. मग गडबड कुठे होते?

घाबरलं की आपण भराभर, वरच्यावर श्वास घेतो. आतली हवा पूर्ण बाहेर पडतच नाही, कार्बन डायऑक्साइड साठत जातो. 'श्वास घे' असा धोशा मेंदू लावतो तो मुख्यतः ह्या कार्बन डायऑक्साइडमुळे. म्हणजे तुम्ही जितकं ओढाल तितकं जास्त गुदमरल्यासारखं वाटणार. म्हणून आधी सोडा. चार मोजत आत घ्या, सहा-सात मोजत सावकाश बाहेर. बुडबुड्यांचा आवाज लांबत गेला की समजा, जमतंय. पहिल्या डाइव्हला तुम्हाला सांभाळायला इन्स्ट्रक्टर सोबत असतोच, त्यामुळे हातपाय मारत दम घालवू नका. तेवढा वेळ तुमचं काम एकच, श्वास.

विहिरीत उडी मारताना गाल फुगवून दम धरायची सवय आपल्याला लहानपणापासूनची. स्कुबात तीच जिवावर बेतू शकते. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा धरून वर आलात, तर ती दुप्पट जागा मागते. फुप्फुसं तेवढी ताणत नाहीत, फाटतात. त्यासाठी समुद्रच लागतो असंही नाही; सिलिंडरची हवा घेत असाल तर स्विमिंग पूलची खोल बाजूही पुरते. म्हणून वर येताना तर श्वास चुकूनही अडवायचा नाही.

सराव घरीही होतो. बादलीत पाणी घ्या, मास्क न लावता चेहरा बुडवा आणि स्नॉर्केलमधून तोंडाने श्वास घ्या. नाकाला पाणी लागलं की दचकायला होतं, ते दोन-चार दिवसांत जातं. मास्कमध्ये पाणी शिरलं तर ते नाकानेच जोरात हवा सोडून बाहेर काढायचं असतं, तेव्हा ही सवय कामाला येते. एक मात्र करू नका: जोरजोरात वीस श्वास घेऊन तळाशी कोण जास्त वेळ बसतो, ही पैज. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूची घंटा वाजतच नाही आणि पोरगा पाण्यातच बेशुद्ध पडतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांचेही जीव असे गेलेत.

सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नका, कान मोकळे होत नाहीत. आणि ट्रिपचे पैसे भरलेत म्हणून दमा लपवून फॉर्मवर 'नाही' असं ठोकून देणं हा शुद्ध वेडेपणा. आधी डॉक्टरला विचारा.

अजून एक. फोटोसाठी अंगठा वर करू नका हं! पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर जायचंय', आणि इन्स्ट्रक्टर खरंच तुम्हाला वर घेऊन येईल. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.