शरीरात यकृत नसतं तेव्हा…

यकृत प्रत्यारोपण म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर सर्जन येतो. पण तासन्‌तास चालणाऱ्या या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या उशाशी भूलतज्ज्ञ उभा असतो. जुनं यकृत निघून नवं कामाला लागेपर्यंत शरीराची घडी सांभाळायची, ती त्यानेच.

हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त बाहेर टाकतं. त्याचा सुमारे पाव हिस्सा यकृतातून जातो. सिऱ्होसिसच्या, म्हणजे यकृत निबर होत गेलेल्या, रुग्णाच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. हृदय जास्त रक्त फेकत असूनही दाब कमीच राहतो. सुरुवातच अशी नाजूक. त्यात यकृतामागून जाणाऱ्या अधोमहाशिरेला पूर्ण चिमटा लावला, तर हृदयाकडे परतणारं रक्त जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. म्हणून आज अनेक सर्जन ही शीर जागेवरच ठेवून नवं यकृत तिला जोडतात.

मग येतो यकृताविनाचा काळ. एरवी यकृत साफ करतं ते लॅक्टेट रक्तात साठू लागतं, रक्ताची आम्लता वाढते, शरीर थंड पडतं, साखर घसरू शकते. रक्ताच्या पिशवीत गोठण टाळण्यासाठी सायट्रेट असतं. एरवी यकृत ते सहज पचवतं; आता ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि हृदयाच्या आकुंचनाचा जोर कमी होतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं आणि शिरेतून कॅल्शियम देत राहायचं.

सर्वांत कठीण क्षण चिमटे सुटतानाचा. दात्याचं यकृत सुमारे ४ अंश सेल्सिअसला, संरक्षक द्रावात ठेवलेलं असतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेल्या प्रसिद्ध द्रावात पोटॅशियम लिटरमागे सुमारे १२५ मिलिमोल असतं. आपल्या रक्तात ते साधारण ५च्या आत. जोडण्याआधी यकृत धुऊन घेतात, तरी थंड, आम्लयुक्त, पोटॅशियमने भरलेलं रक्त थेट हृदयात पोचतं. मॉनिटरवर ईसीजीच्या टी लहरी टोकदार होतात, ठोके मंदावतात, दाब कोसळतो. पहिल्या पाच मिनिटांत सरासरी रक्तदाब ३० टक्क्यांहून जास्त घसरला आणि किमान मिनिटभर तसाच राहिला, तर त्याला पुनर्रक्तप्रवाह सिंड्रोम म्हणतात. अ‍ॅड्रेनालिन आणि कॅल्शियमच्या सिरिंज आधीच भरून ठेवलेल्या असतात, त्या यासाठीच.

नवं यकृत जागं झालं, की आकडे बोलू लागतात. लॅक्टेट उतरतं, आम्लता निवळते, कॅल्शियमची गरज घटते, पित्त झिरपू लागतं.

इथवरची वाट सोपी नव्हती. १९६३ मध्ये डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी माणसावर पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं, तेव्हा तो बालरुग्ण रक्तस्रावाने टेबलावरच दगावला. वर्षाहून अधिक जगलेला पहिला रुग्ण १९६७ मधला. भारतात पहिलं यशस्वी प्रत्यारोपण व्हायला १९९८ उजाडलं. या प्रवासात टाके जितके सुधारले, तितकंच रक्ताभिसरण सांभाळण्याचं ज्ञानही वाढलं. म्हणून प्रत्यारोपणाचा निर्णय घेणाऱ्या कुटुंबाने सर्जनला भेटावं, तसं भूलतज्ज्ञालाही आवर्जून भेटावं. रुग्णाचं हृदय हा ताण पेलेल का, हा प्रश्न त्यांनाच विचारायला हवा आणि तो शस्त्रक्रियेआधीच विचारायला हवा.