'अपॉन' कुठपर्यंत?

कागद-पेन बाजूला ठेवा आणि नुसतं ऐका : 'सिक्स प्लस फोर अपॉन टू'. उत्तर किती? सहा आणि चारची बेरीज करून मग दोनने भागलं तर ५. आधी चारला दोनने भागून त्यात सहा मिळवले तर ८. दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागतील. फळ्यावर हा घोळ होत नाही, कारण भागाकाराची आडवी रेघ कुठून कुठवर ओढली आहे ते डोळ्यांना दिसतं. कानांना ती रेघ दिसत नाही.

आपल्या वर्गांनी यावर एक छान तोड काढली आहे : 'होल'. 'ए प्लस बी होल स्क्वेअर' म्हटलं की शाळकरी पोरालाही कळतं, वर्ग अख्ख्या कंसाचा करायचा आहे. ब्रिटनमध्ये त्यासाठी 'ऑल स्क्वेअर्ड' म्हणतात, अमेरिकेत 'द क्वांटिटी ए प्लस बी, स्क्वेअर्ड'. काम तेच, पण अमेरिकी पद्धतीपेक्षा एका छोट्या शब्दात कंस ऐकवणारा आपला 'होल' उजवाच म्हणायला हवा.

'इंटू'चं मात्र उलट आहे. आपल्याकडे 'टू इंटू सिक्स' म्हणजे बारा. इंग्रजांच्या कानाला त्यात सहामध्ये दोन किती वेळा जातात, हा प्रश्न ऐकू येतो आणि त्यांचं उत्तर येतं तीन. गुणाकाराला ते 'टाइम्स' म्हणतात. भारतातून परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी हा एक शब्द तरी आधी बदलून घ्यावा.

अक्षराच्या डोक्यावरची छोटी तिरकी रेघ ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे 'डॅश', तर अमेरिकेत 'प्राइम'. पायाशी शून्य असलेला व्ही आपल्या भौतिकशास्त्राच्या तासाला 'व्ही नॉट' असतो, अमेरिकेत बऱ्याचदा 'व्ही सब झीरो'. साइनला एच जोडून होणारं फल आपण 'साइन एच' असं सरळ वाचतो. ब्रिटिश त्याला 'शाइन' म्हणतात आणि अमेरिकी 'सिंच'. वाकड्या वळणाच्या डीला कुणी 'पार्शल' म्हणतं, कुणी 'डेल', कुणी 'डो'. त्यातला 'डेल' जास्त त्रासाचा, कारण उलट्या त्रिकोणालाही 'डेल' म्हणतात आणि एकाच समीकरणात दोघे शेजारी बसू शकतात. त्रिकोणाला 'नाब्ला' असं दुसरं नाव आहे. तशाच आकाराच्या एका प्राचीन वाद्यावरून ते आलं.

विषय बदलला की देश तोच असूनही उच्चार बदलतो. ग्रीक म्यू संख्याशास्त्रात सरासरी दाखवतो आणि 'म्यू' असाच वाचला जातो. औषधाच्या मात्रेत ग्रॅमच्या आधी तोच आला की 'मायक्रो' होतो. चौकटी कंस गणितात नुसता कंस असतो, पण रसायनशास्त्रात त्यात एखादा पदार्थ लिहिला की 'कॉन्सन्ट्रेशन ऑफ' असं वाचायचं. साधी उभी रेघ संभाव्यतेत 'गिव्हन', संचात 'सच दॅट' आणि संख्या-सिद्धांतात 'डिव्हाइड्स' होते.

हे सगळं ज्यांना फक्त ऐकूनच शिकावं लागतं, त्यांच्यासाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. अमेरिकेतले अब्राहम नेमेथ जन्मांध होते आणि गणिताचे प्राध्यापक झाले. गणितासाठीची त्यांची ब्रेल लिपी १९५२ साली प्रसिद्ध झाली. डोळस माणसाने आपल्याला गणित कसं वाचून दाखवावं, याचेही नियम त्यांनी घालून दिले : अपूर्णांक सुरू झाला की तसं सांगायचं, संपला की तेही सांगायचं. 'अपॉन' कुठपर्यंत, हा प्रश्नच मग उरत नाही.

पुण्यात जन्मलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गेले. तिथे १९९४ मध्ये त्यांनी 'ॲस्टर' ही प्रणाली पीएचडीसाठी सादर केली. ती गणिताचा मजकूर बोलून दाखवते आणि घातांक आला की आवाजाची पट्टी चढवते. म्हणजे वर लिहिलेला आकडा वरच्या सुरात ऐकू येतो! नाव ठेवलं ते त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचं.

आपल्या शिक्षकांना यासाठी यंत्राची गरज नाही. फळ्याकडे तोंड करून 'हे इकडे नेलं, ते खाली घेतलं' म्हणण्याऐवजी कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला, एवढं मोठ्याने सांगा. दृष्टिहीन मुलाला ते लागतंच, आणि शेवटच्या बाकावर मान खाली घालून उतरवून घेणाऱ्यालाही.